मदत हवी आहे: ४७ मुलं, ४ चालू संगणक, इंटरनेट नाही

नमस्कार. मी गिरणगावातल्या एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवते. संगणक कक्षाला कुणी वाली उरला नाही, म्हणून तो माझ्याकडे आला. एका योजनेतून पाच वर्षांच्या करारावर ११ संगणक आणि एक संगणक शिक्षक मिळाले होते. करार संपला, सर गेले, यंत्रं राहिली. आज त्यांतली ४ चालतात. आठवीत ४७ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. एकेकाच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं येतात. गेल्या आठवड्यात एका मुलीची पाळी आली, तिने स्वतःचं नाव टाईप करायला घेतलं, जोडाक्षरापाशी अडली आणि घंटा झाली. "बाई, पुढच्या वेळी माझ्यापासून सुरू कराल?" एवढंच म्हणाली. ते मनातून जात नाही.

पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ घरी बघा, असं सांगून झालं. बहुतेक घरांत चांगला फोन एकच, तोही वडिलांबरोबर ड्युटीवर जातो. वर्गात माझा हॉटस्पॉट देते, पण पहिल्या दोन तासांतच डेटा संपतो.

एका देणगीदाराने स्मार्ट बोर्ड देऊ केलाय. मी नको म्हणत नाही. पण तो चालवणार शिक्षकच, मुलं पुन्हा बाकावरून बघणार. मला यंत्र मुलांच्या हाताखाली हवंय.

संगणक २ जीबी रॅमचे, त्यांवर विंडोज ७, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच बंद झाला. दोन यंत्रं रोज तारीख विसरायची, त्यामुळे ब्राउझर साइट उघडू देत नव्हता. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलला आणि दोन्ही सुरळीत झाली. तेव्हापासून वाटतंय, बंद पडलेली सातही वाया गेलेली नसतील.

तर विचारायचंय ते असं. यांवर विंडोजऐवजी हलकं लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं तर मराठी टायपिंग आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) नीट चालेल का? कोलिब्री हे ऑफलाइन धड्यांचं सॉफ्टवेअर एका संगणकावर टाकून बाकीचे लॅनने (शाळेतल्या शाळेत एकमेकांना) जोडले की इंटरनेटशिवाय काम भागतं असं वाचलं. कुणी प्रत्यक्ष केलंय का? फेटची मराठी सिम्युलेशनं (पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग) मी घरून पेनड्राइव्हवर नेते, त्यातलं सर्किट जोडायचं तर मुलं सोडतच नाहीत. असं आणखी काय ऑफलाइन चालतं? हाताशी साधारण ६,००० रुपये आहेत.

प्रतिसाद १
ताई, आधी प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते पाहा. बहुतेक लिनक्स आता ३२ बिटसाठी निघत नाहीत. ६४ बिट असेल तर लुबुंटू हे हलकं लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. लिब्रेऑफिस चालेल, ब्राउझरचे टॅब मात्र एक-दोनच ठेवा. बंद सातांमधली रॅम काढून चालू यंत्रांच्या रिकाम्या खाचेत बसते का बघा, फुकटात २ चे ४ जीबी होतील. कमी पडली तर लॅमिंग्टन रोडला जुनी रॅम मिळते. जाताना तुमची पट्टी सोबत न्या. डीडीआर२ आणि डीडीआर३ हे रॅमचे दोन प्रकार एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत.

प्रतिसाद २
वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही कोलिब्री चालवतो. सर्वरसाठी त्यातल्या त्यात बरं यंत्र ठेवा, बाकीच्यांना फक्त ब्राउझर लागतो. धडे घरी एकदा उतरवून पेनड्राइव्हने नेता येतात. मात्र मराठी धडे कमी वाटले, आधी यादी चाळा. किविक्स या ऑफलाइन वाचनाच्या ॲपवर मराठी विकिपीडिया ऑफलाइन मिळतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर लिब्रेऑफिसचे मराठी धडे आहेत, मुलं ते ऐकत ऐकत स्वतः करून बघतात.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. बंद यंत्रांतल्या रॅमचं डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सातही उघडते आणि आत काय निघतं ते इथे लिहिते. सोमवारच्या तासाला सुरुवात त्या मुलीपासून करणार आहे.