दर्शनी भिंतीवरची झाकपाक: शोभा कोणाची आणि भुर्दंड कोणाला?

नळजोड, परळ
पार्लेकर ताईंनी काल येथे लिहिले की, प्रत्येक सोसायटीने ठराव करून एसीची बाहेरची युनिटे, सांडपाण्याचे पाइप आणि गॅसची नळी एकरंगी पट्ट्यांच्या जाळीआड घालावी, म्हणजे मुंबईच्या इमारती सभ्य दिसतील. इमारतीच्या दुरुस्तीची बिले ज्यांनी कधी तपासलेली नाहीत त्यांनाच ही कल्पना सुचू शकते, असे नाइलाजाने म्हणावे लागते. बाहेरच्या युनिटचे कामच मुळी खोलीतली उष्णता बाहेर टाकण्याचे आहे. त्याच्या तोंडाशी दाट पट्ट्या बसवल्या की ती गरम हवा फिरून पुन्हा उष्णता सोडणाऱ्या त्याच नळ्यांच्या वेटोळ्यावर, म्हणजे कॉइलवर येते, एसीतल्या गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज खातो आणि ऐन मे महिन्यात बंद पडतो. पाइपांची गोष्ट याहून वाईट आहे. उघड्या पाइपाचा सांधा झिरपू लागला तर भिंतीवर हिरवट ओघळ दिसतो आणि प्लंबरला वेळेवर बोलावता येते. जाळीआड तोच सांधा निवांत गळत राहतो आणि खालच्या घरातले कपाट बुरसटल्यावरच समितीला जाग येते. आमच्या इमारतीत हेच झाले. पट्ट्या काढल्या तेव्हा सांध्यात रुजलेल्या पिंपळाचे खोड मनगटाएवढे झाले होते आणि मुळे प्लास्टरच्या आत पसरली होती. गॅसच्या नळीबद्दल तर वादच नको. गळलेला पाइप गॅस हवेपेक्षा हलका असल्यामुळे मोकळ्यावर वर निघून जातो, कोंडलेल्या जागेत मात्र साचतो.

पार्लेकर ताई
नळजोड साहेब, मी जाळी म्हटले होते, आपण तिचे खोके करून त्यावर तुटून पडलात. पट्ट्या विरळ ठेवाव्यात, युनिट आणि जाळी यांत पुरेसे अंतर ठेवावे, कारागिराचा हात आत जाईल अशी सोय ठेवावी, एवढे कोणालाही कळते. आपल्या कंत्राटदाराने वाईट काम केले म्हणून सगळ्या मुंबईने उघड्या पाइपांकडे पाहत बसावे, हा न्याय मला समजत नाही. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या परिसराला 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा तेथील लांब आडव्या छज्ज्यांचे आणि गोलाकार बाल्कन्यांचे आपण सर्वांनी कौतुक केले. आज त्यांतल्याच काही छज्ज्यांवर युनिटे बसली आहेत आणि त्यांच्या नळ्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याने रंगाचे पोपडे निघत आहेत. हे पाहून ज्याला काहीच वाटत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

गिरगावकर
दोघांचीही क्षमा मागून लिहितो. मुंबईने पाइप लपवण्याचा प्रयोग फार पूर्वी करून पाहिला आहे आणि त्याचे नाव हाउस गल्ली. रस्त्याकडची बाजू नक्षीदार कठड्यांची ठेवायची आणि संडासाचे पाइप, मोऱ्यांचे पाणी, सगळे मागच्या दोन हातांच्या बोळात सोडायचे, अशी ती रचना होती. डोळ्यांआड गेलेल्या त्या बोळात लोकांनी खिडकीतून कचरा टाकायला सुरुवात केली आणि तो उपसण्यासाठी उतरायचे ते सफाई कामगाराने. आमच्या चाळीच्या समोरच्या बाजूचे फोटो काढायला अजून लोक येतात. मागे कोणी डोकावत नाही.

कबुतरांचा वैरी, दादर
मूळ प्रश्न राहू द्या. जाळीच्या आत राहायला कोण येणार, याचा विचार कोणी केला आहे का? विरळ पट्ट्या, मागे सावली आणि खाली युनिटची सपाट पाठ, ही व्यवस्था कबुतराने स्वतः नकाशा काढून घेतली असती तरी याहून चांगली झाली नसती. आमच्या वरच्या मजल्यावर अशी जाळी बसल्यापासून काटक्या, पिसे आणि वाळलेल्या विष्ठेची पूड माझ्या खिडकीत येते. आईला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या अशा पुडीच्या ॲलर्जीने फुप्फुसांना येणारी सूज, असल्याचे निदान झाले तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न कबुतरांविषयीच होता. 2025 च्या पावसाळ्यात महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, त्याचे मी मनापासून स्वागत केले.

जीवदया, घाटकोपर
आईंच्या प्रकृतीबद्दल सहानुभूती आहे, परंतु शहरातल्या प्रत्येक दम्याचे खापर एका पक्ष्यावर फोडणे सोयीचे झाले आहे. बांधकामाची धूळ आणि वाहनांचा धूर आपल्याला दिसत नाही काय? पिढ्यान्‌पिढ्या दाणे टाकणाऱ्या माणसांना गुन्हेगार ठरवून आपली फुप्फुसे स्वच्छ होणार नाहीत.

कबुतरांचा वैरी, दादर
धूर आहे म्हणून विष्ठाही सहन करावी, हा युक्तिवाद आपण एकदा माझ्या आईसमोर बसून करावा. पुण्य आपल्या खात्यावर जमा होते आणि इनहेलर आमच्या खर्चाने येतो. दाणेच टाकायचे असतील तर स्वतःच्या दिवाणखान्यात टाका.

जीवदया, घाटकोपर
ही भाषा आपल्याला शोभत नाही. अंड्यांसकट घरटी झाडूने खाली ढकलणारे लोक मी आमच्या इमारतीत पाहिले आहेत आणि त्यांचा सूरही असाच असतो.

चौथा मजला, मुलुंड
आपण दोघांनी हे भांडण कबुतरखान्यावर जाऊन करावे ही विनंती. जाळीपुरते बोलायचे तर दादरकरांचे म्हणणे खरे आहे. कबुतरे नकोत म्हणून आमच्या सोसायटीने जाळीवर नायलॉनचे जाळे लावले, ते उन्हाने फाटून लोंबू लागले आणि आता मूळच्या युनिटपेक्षा ते झाकणच अधिक ओंगळ दिसते. शिवाय पेटी ग्रिलबद्दल सगळे गप्प का? खिडकीबाहेर हातभर आलेला तो लोखंडी पिंजरा एसीपेक्षा कुरूप असतो आणि आग लागली तर सुटकेची वाटही अडवतो, तरीही त्यात तुळस, सायकल आणि जुन्या बादल्या सुखाने नांदत असतात.

नळजोड, परळ
ताईंना झाकपाकीची इतकीच हौस असेल तर पाइपांना भिंतीच्याच रंगाचा हात द्यावा, एवढी सवलत मी देऊ शकतो. पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होते, त्यामुळे रंगाचा थोडा उपयोगही होईल आणि गळती झाकली जाणार नाही. युनिटच्या कॉइलवर मात्र कोणी ब्रश फिरवू नये, हे सांगावे लागू नये अशी आशा आहे.

पार्लेकर ताई
आपल्या औदार्याने भारावून गेले. पाइपांना रंग देण्याचे मान्य आहे आणि गॅसची नळी मी ठरावातून वगळते. एसीची जाळी मात्र राहील. बिजागरीवर पूर्ण उघडणारी आणि दर पावसाळ्यापूर्वी उघडून साफ करण्याच्या अटीवर. वार्षिक सभेत हा मसुदा वाचला जाईल, तेव्हा आपल्यासारखे जाणकार आमच्या सोसायटीत नाहीत याचा मला आनंद आहे.

नळजोड, परळ
बिजागऱ्या साध्या लोखंडाच्या घेतल्यात तर पार्ल्याच्या खाऱ्या हवेत त्या लवकरच जाम होतील आणि ती जाळी उघडण्यासाठी ग्राइंडर आणावा लागेल. 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्या. ते महाग आहे. त्याचे बिल सर्व सदस्यांत सारखे वाटण्यापूर्वी मागच्या विंगला एकदा विचारा, कारण ती शोभा त्यांना त्यांच्या एकाही खिडकीतून दिसणार नाही.