बिल्ला नसलेला कामगार

विषाणूने शिरकाव केलेल्या पेशीवरची ओळखच लपवली तर टी पेशींना (अशा पेशी ओळखून मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) कळणार कसं, हा प्रश्न नेमका आहे. तिथेच एनके (नॅचरल किलर) पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी, कामाला येतात.

आजोबा सोलापुरात गिरणीत होते. भोंगा झाला की गेटवरचा पहारेकरी चेहरे नाही, बिल्ले बघायचा. एनके पेशीही तसंच करते: एमएचसी-१ हा पेशीवरच्या प्रथिनाचा बिल्ला दिसला की थांबते. तो गायब आणि वर पेशीवर ताणाच्या खुणा असतील, तर परफोरिन या प्रथिनाने भोक पाडून ग्रॅन्झाइम ही विकरं आत सोडते. मग ती बिल्ला नसलेली पेशी स्वतःच मरते. १९८० च्या दशकात स्वीडनच्या क्लास कार्रे यांनी ही कल्पना मांडली.

नुसता बिल्ला नसणं मात्र पुरत नाही हं! रक्तातल्या तांबड्या पेशींवर तो जवळजवळ नसतोच, तरी त्या सुखरूप फिरतात.