पुत्राच्या द्वारे बोलल्यानंतर देव आता बोलत नाही काय?

प्रश्न (जालना)
सलाम. गेल्या रविवारी आमच्या मंडळीत इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय वाचला गेला. देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे अंशाअंशांनी व प्रकाराप्रकारांनी बोलला आणि ह्या काळाच्या शेवटी पुत्राच्या, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या, द्वारे बोलला, असे तेथे म्हटले आहे. माझी आत्या मात्र सांगते की देव तिच्याशी आजही स्वप्नात बोलतो, आणि माझ्या धाकट्या भावाने नोकरीसाठी पुण्याला जाऊ नये, असे तिला कळवले गेले आहे. भाऊ त्यामुळे अडून बसला आहे. पुत्राच्या ठायी सर्व सांगून झाले असेल, तर ह्या स्वप्नाचे काय करावे? आणि ख्रिस्त म्हणजे केवळ शेवटचा संदेष्टा काय?

उत्तर (लातूर)
तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. संदेष्ट्यांना देवाचा शब्द बाहेरून मिळत असे: मोशेला जळत्या झुडपातून हाक आली, बालक शमुवेलाला रात्री निजल्या जागी, आणि एलीयाला होरेब डोंगरावर वारा, भूकंप व अग्नी सरल्यावर मंद वाणीतून. तकोवाचा आमोस तर मेंढरे आणि उंबराची झाडे राखणारा. बेथेल येथील याजकाने त्याला हाकलले, तेव्हा आपण संदेष्ट्यांच्या घराण्यातले नाही, हे त्याने स्वतःच सांगितले. (जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवलेल्या वस्तीचे नावही बेथेलच, म्हणून हा प्रसंग तुम्हांला जवळचा वाटेल.) ह्या संदेष्ट्यांच्या तोंडी एकच पालुपद पुन्हा पुन्हा येते: "परमेश्वर असे म्हणतो." दवंडी देणाऱ्या कोतवालाला हुकुमातला एक शब्दही बदलण्याचा अधिकार नसतो, तसेच हे आहे. शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी हे पालुपद सापडत नाही. डोंगरावरील प्रवचनात तो पूर्वजांना सांगितलेल्या आज्ञेचा उल्लेख करतो आणि लगेच म्हणतो, "मी तर तुम्हांला सांगतो." निरोप्या असे बोलू शकत नाही; ज्याचा हुकूम आहे तोच बोलू शकतो. रूपांतराच्या डोंगरावर, जेथे येशूचे रूप शिष्यांसमोर तेजस्वी झाले, मोशे व एलीया दोघेही उपस्थित होते, तरी मेघातून वाणी झाली ती पुत्राचे ऐकण्याविषयी. योहान म्हणूनच "शब्द देही झाला" असे लिहितो. येथे निरोप आणि निरोप आणणारा हे वेगळे उरलेच नाहीत.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
मी कॅथलिक आहे, म्हणून आमच्या बाजूची शिकवण थोडक्यात मांडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यानुसार ख्रिस्ताच्या गौरवी पुनरागमनापूर्वी नवे सार्वजनिक प्रकटीकरण, म्हणजे सर्वांसाठी देवाने नव्याने काही उघड करणे, अपेक्षित नाही. खाजगी दर्शने होऊ शकतात आणि त्यांपैकी काहींना ख्रिस्तसभेने मान्यताही दिली आहे, परंतु त्यांमुळे श्रद्धेच्या ठेव्यात भर पडत नाही, आणि तुमच्या आत्यांचे स्वप्न तर त्या मान्यतेपासूनही कितीतरी दूर आहे.

उत्तर (परभणी)
स्वप्न सरसकट झिडकारू नये, परंतु ते कोणाला पडले हे अवश्य पाहावे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मिसर देशात निघून जाण्याची आज्ञा मरीयेचा पती योसेफ याला स्वप्नात मिळाली, म्हणजे ज्याला निघायचे होते त्यालाच. प्रेषितांच्या कृत्यांचा 21वा अध्यायही वाचावा. कैसरियात अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवले आणि यरुशलेमेत पौलाला असेच बांधतील, असे सांगितले. सर्वांनी पौलाला अडवले, तरीही तो गेला. भविष्य ऐकून घेणे आणि त्यावरून निर्णय करणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तेव्हा निर्णय भावाने स्वतः प्रार्थना करून घ्यावा.

प्रश्नकर्ता (जालना)
सर्वांचे आभार. अगबाचा वृत्तांत काल आत्याला वाचून दाखवला. तिने चष्मा लावून तो पुन्हा स्वतः वाचला आणि विचारले, "पण पौलाला पुढे बांधलेच ना?" भावाने सोमवारच्या गाडीचे तिकीट काढले आहे.