यंदा फिरायला जाऊ, पण डबा घरीच राहू द्या

(घरच्या ग्रुपवरची चर्चा, डिसेंबरचा पहिला आठवडा)

भाऊजी, पुणे: सगळ्यांना नमस्कार. नाताळात मुलांना सुट्या आहेत, आम्ही २५ ला रात्री निघतोय. या वेळी सगळे मिळून चार दिवस गोव्याला जायचं का? एका ट्रॅव्हल्सवाल्यानं पॅकेजचा दर पाठवलाय, वर टाकला आहे. उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं आहे.

काकाजी, अकोट: नाताळात गोव्यात पाय ठेवाले जागा नसते बा. अन् आपल्या इकडून जाण्यायेण्यातच दोन दिवस जातीन. माह्या गुडघ्याले नाही जमत.

ताई, नागपूर: मला जेमतेम दोनच दिवस सुटी मिळेल.

मी: भाऊजी, गोव्याला माझी ना नाही. मे महिन्यात मुलांना समुद्र दाखवूच. पण या खेपेला एक सुचवते, पूर्ण वाचा आणि मग ठरवा.

आपण चौदा माणसं जमणार. तुम्ही टाकलेल्या दराच्या निम्म्याहून कमी पैशात दोन दिवस आणि एक रात्र आपल्याच वर्धा जिल्ह्यात आरामात निघते. सेवाग्राम, मगन संग्रहालय, पवनार, आणि मुक्काम बोर धरणाच्या बाजूला. सोयाबीन घरात आलं की भाव पडतो, कापसाची गत तीच, हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको. शेतीला जोड म्हणून इकडच्या किती घरांनी खोल्या काढल्या, बायांनी जेवणाच्या ऑर्डरी घेणं सुरू केलं, कुणी जीप घेतली. त्यांच्याकडे आपणच नाही गेलो तर कोण जाणार?

अट मात्र एकच. घरून डबा न्यायचा नाही.

आपल्याकडे सहल म्हटली की पहाटे चारला उठून पुऱ्या तळायच्या, ठेचा, दशम्या, चिवडा, पाण्याच्या कॅन, सगळं गाडीत भरायचं. तिथं सतरंजी टाकून आपलंच खायचं, पत्रावळी तिथंच टाकायच्या आणि दिवेलागणीला घरी. त्या गावाला आपल्याकडून काय मिळालं? गाडी लावायचे वीस-तीस रुपये. म्हणून म्हणते, जेवण तिथलं आणि रात्र तिथंच. रात्र राहिलो की संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे, आंघोळीचं पाणी, दूध, सगळं त्याच गावातून घ्यावं लागतं.

आत्याबाई, यवतमाळ: सूनबाई, बाहेरचं खाऊन लेकरं आजारी पडले त? घरच्या पुरीत काय वाईट आहे?

मी: आत्याबाई, मी धाब्यावरच्या जेवणाचं नाही म्हणत. हिंगणीकडे एका बचत गटाच्या बाया ऑर्डरप्रमाणे रोडगे करून देतात. मागच्या महिन्यात आम्ही शाळेच्या बाया तिथं जेवलो. अंगणात गोवऱ्या पेटवलेल्या. एक बाई पातळ पोळ्यांना तेल लावून एकावर एक ठेवत होती, शेवटच्या पोळीत सगळं गुंडाळून गोळा वळत होती. दुसरी ते गोळे निखाऱ्यात उलटेपालटे करत होती. राख झटकून रोडगा हातात दिला तेव्हा वरून कडक आणि फोडला की आत पदर सुटलेले, वाफ निघतेय. त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीच्या सोल्यांची आमटी. आपल्या घरी आता रोडगे कोण करतं सांगा. मुलांनी तर पाहिलेही नाहीत.

मी विचारलं, वांगी कुणाची? म्हणाल्या, शेजारच्या वाडीतली. गोवऱ्या पलीकडच्या आजीच्या, ती शेकड्यानं विकते. गहू गटातल्याच एकीच्या शेतातला, गावच्या चक्कीवर दळलेला. तूप गवळ्याकडचं. एका ताटाचा पैसा गावातल्या पाच घरांत गेला. डबा नेला असता तर या पाचही घरांत काही गेलं नसतं.

ताई, नागपूर: वहिनी, हे अगदी खरं आहे. गेल्या वर्षी आम्ही जंगलाला लागून असलेल्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये राहिलो होतो. सकाळी ब्रेड, बटर, कॉर्नफ्लेक्स. पोहे मागितले तर म्हणे मेनूत नाहीत. वाढणारी सगळी पोरं बाहेरच्या राज्यातली. त्या गावचा एकच माणूस दिसला, तो गेटवर उभा. खोलीचं भाडं दिलं ते कुठं गेलं कुणास ठाऊक, गावात तर काही दिसलं नाही.

भाऊजी, पुणे: मला पटतंय, पण मुलांचं काय? वर्ध्यात दोन दिवस त्यांनी करायचं काय? सेवाग्राम म्हणजे तासाभराचं काम.

भाची, नागपूर: मामा, मी कॉलेजच्या सहलीत गेले होते, तासाभरात नाही होत. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले तेव्हा ते शेगाव नावाचं खेडं होतं. बापू कुटी गावाच्या आसपास मिळणाऱ्या मालातूनच बांधायची असं ठरलं होतं. माती, बांबू, कौलं. आत गेलं की उन्हातसुद्धा गार वाटतं. आणि मगन संग्रहालय तर मुलांना नक्की आवडेल. १९३८ मध्ये गांधीजींच्याच हस्ते सुरू झालंय ते, त्यांचे पुतणे मगनलाल गांधी यांच्या नावानं. सगळं ग्रामोद्योगाचं आहे. तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत. झाडपाल्याच्या आणि फुलांच्या रंगात रंगवलेली खादी तिथं मिळते. मी घेतलेली ओढणी अजून वापरते.

दुसऱ्या दिवशी पवनार. धाम नदी, विनोबांचा आश्रम, आणि जमीन खणताना सापडलेल्या जुन्या मूर्ती. तिथल्या ब्रह्मविद्या मंदिरात १९५९ पासून बहिणी सामूहिक जीवन जगतायत. आणि बोर हा लहानसा व्याघ्र प्रकल्प आहे, पहाटे जंगलात जाता येतं. मुलांना आणखी काय पाहिजे?

आत्याबाई, यवतमाळ: ते सगळं ठीक आहे पोरी. मी सरळ विचारते. संडास-न्हाणी कशी आहे? मले खाली बसता येत नाही. लग्नाकार्यात खेड्यावर गेली की मी दिवसभर पाणी पीत नाही.

मी: आत्याबाई, तुम्ही विचारलं ते बरं केलं, हेच सगळ्यात आधी विचारायला पाहिजे. बाया घराबाहेर मुक्कामाला नाही म्हणतात त्याचं निम्मं कारण हेच असतं. आपण मुक्काम करणार त्या घरी मी स्वतः जाऊन पाहून आले. चार खोल्या आहेत, दोन खोल्यांना लागून न्हाणी, त्यातल्या एकीत कमोड आहे. गरम पाणी बंबाचं. तुमची खोली तीच. कमोड नसता तर मी हा विषयच काढला नसता.

काकाजी, अकोट: सूनबाई, माझंही एक ऐक. गरिबाले मदत म्हणून जायाचं अन् कच्चं-पक्कं खाऊन यायाचं, हे एकदा होते. दुसऱ्यांदा कोणी जात नाही. मी इकडे एका हुरडा पार्टीले गेलतो. हुरडा गारढोण, चटणी कालची, अन् पैसे मोजून घेतले. माल चांगला पाह्यजे, मंगच धंदा टिकते.

मी: काकाजी, बरोबर आहे तुमचं. दया म्हणून जाऊच नये. रोडगे चांगले होते म्हणून मी सुचवतेय, बाया गरीब आहेत म्हणून नाही. पण गारढोण हुरडा आला तेव्हा तुम्ही तिथं बोलले का? बहुतेक लोक तिथं गप्प बसतात आणि घरी येऊन मोबाईलवर एक तारा देतात. ज्याचा धंदा नवीन आहे त्याला त्या एका ताऱ्यानं पुढच्या सहा पार्ट्या मिळत नाहीत. समोर सांगितलं तर माणूस सुधारतो. आम्ही आमटीत तिखट जास्त झालं म्हणालो, तर लगेच लेकरांसाठी वेगळं वरण लावलं त्यांनी.

काकाजी, अकोट: नाही, बोललो नाही. पुढच्या खेपेले सांगतो.

ताई, नागपूर: भावाचंही बोलू का? भंडारा जिल्ह्यात मी एका विणकराच्या घरी करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दातांसारखा काठ असलेली, कोशाची (टसर रेशमाची) साडी घ्यायला गेले होते. माझ्यासोबतच्या बाईनं पाचशे कमी करा, पाचशे कमी करा म्हणून अर्धा तास लावला. माग समोरच होता. काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा. एक वीत कापड व्हायला किती वेळ जातो ते आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. मॉलमध्ये त्याच बाईनं पाटीवरचा भाव निमूट दिला असता. आपण जिथं जाऊ तिथं घासाघीस नको, एवढंच माझं म्हणणं.

मी: मान्य. आणि फोन करून सरळ त्यांच्याकडेच सांगायचं. ॲपवरून खोली घेतली की मधल्या मधे कमिशन कापलं जातं.

दुसरं, माणसं किती ते पक्कं सांगायचं आणि शब्द मोडायचा नाही. त्या बायांनी मला सांगितलं, मागं एका ग्रुपनं वीस ताटांची ऑर्डर दिली. यांनी कणीक मळली, वांगी आणली, गोवऱ्या पेटवल्या. दुपारी दोनला फोन, आम्ही दुसरीकडे जेवलो म्हणे. मोठ्या हॉटेलला वीस ताटांनी फरक पडत नाही. यांचा त्या आठवड्याचा नफा गेला, वरून गटातल्या दोघी म्हणायला लागल्या की हे काम बंद करा. म्हणून मी अर्धे पैसे आधीच पाठवणार आहे. कुणाचं यायचं रद्द झालं तरी ताटाचे पैसे त्यानं द्यायचे.

आणि हे कापूस वेचणीचे दिवस आहेत. त्या बाया दिवसा वावरात असतात. रात्री दहाला चहा, अकराला भजी असं चालणार नाही. जेवण साडेसातला, तेव्हा सगळ्यांनी हजर राहायचं.

भाऊजी, पुणे: बरं. हिलाही विचारलं, ती तयार आहे. तिला वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं पाहिजेत पुण्याला न्यायला. गाडीचं काय करायचं? मी पुण्याहून कार आणू का?

मी: कार नका आणू. रेल्वेनं वर्ध्यापर्यंत या. वर्ध्यावरून फिरायला तिथलीच जीप सांगू, दोन दिवसांची. गोरसपाक वर्ध्यालाच घेऊ. आणि वायगावची हळदही घ्या, तिला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. पुण्यात वायगावच्या नावानं भलतीच हळद मिळते.

ताई, नागपूर: आत्या, तू एसटीनं ये. पंच्याहत्तरच्या वर आहेस, तुझं तिकीट लागत नाही. आम्हा बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. आधार कार्ड तेवढं पर्समध्ये ठेव.

आत्याबाई, यवतमाळ: हाव, आहे माह्यापाशी. मंग तिकिटाचे वाचलेले पैसे मी त्या खादीच्या दुकानात घालवीन. दोन पंचे घ्यायाचे आहेत.

भाची, नागपूर: मी त्या बचत गटाचं ठिकाण गूगल मॅपवर टाकू का? त्यांना विचारून, मराठीत, फोटोसकट. शोधलं तर काहीच सापडत नाही, नुसता रस्ता दिसतो.

मी: टाक, पण फोन नंबर त्यांनी हो म्हटल्यावरच. आणि सगळ्यांनी थोडी रोख ठेवा. बोरच्या बाजूला रेंज जाते, मग पैसे पाठवता येत नाहीत आणि समोरची बाई संकोचानं राहू द्या म्हणते.

काकाजी, अकोट: मी येतो. पण पुढल्या खेपेले माह्याकडे या. नरनाळा किल्ला कोणी पाहिला आपल्यातनं? आमच्या अकोटवरून जवळ आहे. महाकाली दरवाज्यावरचं कोरीव काम पाहाल तर पाहतच राहाल. पायथ्याशी शहानूर गाव आहे, तिथंच जेवू.

भाऊजी, पुणे: ट्रॅव्हल्सवाल्याला नाही सांगितलं. आमचे चौघे पक्के. २६ ला सकाळी वर्ध्याला उतरतो.

ताई, नागपूर: आम्ही तिघं. सकाळच्या गाडीनं येऊ.

आत्याबाई, यवतमाळ: मी एकटी. सूनबाई, तिळाचे लाडू केले आहेत, तेही आणायाचे नाही का?

मी: लाडू आणा आत्याबाई, जेवण तेवढं नको. आमचे चौघे, काकाजी-काकू दोघं, म्हणजे चौदा पूर्ण. उद्या सकाळी फोन करून २६ च्या रात्रीची चौदा ताटं आणि २७ चे पोहे सांगते. अर्ध्या पैशांचा वाटा आज रात्रीपर्यंत मला पाठवा. कमी तिखट किती जणांना, तेही आजच लिहा.

काकाजी, अकोट: कमी तिखट कोणालेच नाही.

भाऊजी, पुणे: माझ्या दोघांना कमी तिखट. पैसे पाठवले.