'न्यूनगंड' आणि 'कमीपणा' : अर्थ आणि वापर

प्रश्न :
'न्यूनगंड' हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. सभेत बोलायला कचरणारा, परीक्षेत मागे पडलेला, अनोळखी माणसांत गप्प बसणारा, अशा सगळ्यांविषयी 'त्याला न्यूनगंड आहे' असे सरसकट म्हटले जाते. 'कमीपणा वाटणे' आणि 'न्यूनगंड असणे' यांत नेमका फरक कोणता? आणि ही अवस्था वर्षानुवर्षे टिकली, तर तिला त्या माणसाचा 'स्वभाव' म्हणावे का? जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १ :
फरक मोठा आहे आणि तो जपायला हवा. आधी या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. कमीपणा वाटतो, कमीपणा येतो आणि कमीपणा घेतलाही जातो. 'वाटणे' ही त्या वेळची भावना आहे, 'येणे' याचा संबंध चारचौघांतल्या प्रतिष्ठेशी आहे आणि 'कमीपणा घेणे' म्हणजे चूक सर्वस्वी आपली नसतानाही भांडण मिटावे म्हणून आपण होऊन नमते घेणे. न्यूनगंड मात्र वाटत नाही, तो असतो. ज्याच्या मनात तो घट्ट बसला आहे, त्याला कमीपणा घेणे सर्वांत जड जाते, कारण नमते घेतले की आपली किंमत आणखी उतरेल अशी धास्ती त्याला असते.

या संकल्पनेची मांडणी व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) यांनी केली. त्यांच्या मते उणेपणाची भावना प्रत्येकाच्या वाट्याला येते. मूल लहान, परावलंबी असते, भोवतालची माणसे मोठी आणि समर्थ असतात, आणि या तफावतीतूनच पुढे जाण्याची धडपड सुरू होते. म्हणजे ही भावना स्वतः रोग नव्हे. 'आपल्याला हे जमणारच नाही' अशी माणसाची खात्री होऊन बसते आणि त्या खात्रीच्या आडोशाने तो प्रयत्न टाळू लागतो, तेव्हा तिचा गंड होतो. 'गंड' या शब्दात सूज किंवा गाठ हा जुना अर्थ आहेच ('गंडमाळ' आठवावी), त्यामुळे ही निवड मला फार समर्पक वाटते.

ही गाठ कशी बसते, हे माणूस स्वतःशी जी वाक्ये बोलतो त्यांत दिसते. पहिले वाक्य असते 'आज बोलताना मी अडखळलो'. काही दिवसांनी तेच 'मी नेहमी अडखळतो' असे होते, मग 'मला बोलताच येत नाही', आणि शेवटी 'मी बुजराच आहे'. घडलेल्या एका गोष्टीची क्रिया सवयीत गेली आणि सवय विशेषण होऊन माणसाला चिकटली. त्यानंतर तो बोलण्याची संधी आली की मागच्या बाकावर जाऊन बसतो, सराव होत नाही, पुढच्या वेळी खरोखरच अडखळतो, आणि विशेषणाला नवा पुरावा मिळतो. खिन्नतेच्या (डिप्रेशनच्या) रुग्णांवर उपचार करताना अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात अशाच, क्षणार्धात आपोआप उमटणाऱ्या विचारांकडे लक्ष वेधले होते. हे विचार इतके सवयीचे असतात की माणूस त्यांना विचार मानतच नाही, वस्तुस्थिती मानतो.

प्रतिसाद २ :
वरील विवेचन पटते, परंतु 'स्वभाव' या शब्दाबद्दल थोडी सावधगिरी हवी. सगळेच काही विचारांतून घडत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, व्यक्तिमत्त्वाच्या गुणांत माणसामाणसांत जे फरक आढळतात, त्यांतला साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. तेव्हा एखादा मुळातच मितभाषी असेल, तर तो त्याचा स्वभाव आहे, न्यूनगंड नव्हे. 'अबोल' माणसाला बोलण्याची गरज वाटत नाही. 'बुजऱ्या' माणसाला बोलायचे असते, पण लोक काय म्हणतील या विचाराने शब्द ओठांवरच राहतात. बाहेरून दोघे सारखेच गप्प दिसतात, म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि त्यात अबोल माणसावर उगाच अन्याय होतो.

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण उपजत कलाबद्दल बऱ्याच अंशी खरी मानता येईल. न्यूनगंडाला ती लावू नये. जी गोष्ट अनुभवातून आणि विचारांच्या सवयीतून बनली, तिला 'स्वभाव' म्हटले की ती बदलण्याचा प्रश्नच मिटतो. अशा ठिकाणी 'मनोवृत्ती' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण वृत्ती पालटते असे आपण सहज म्हणतो.

प्रश्नकर्त्याची पुरवणी :
दोघांचेही आभार. मग 'अहंगंड' हा 'न्यूनगंड'चा विरुद्धार्थी शब्द समजावा का?

प्रतिसाद १ :
रूपाने तसे दिसते, अर्थाने नाही. ॲडलर यांच्या मांडणीत अहंगंड हे बहुधा न्यूनगंडावरचे पांघरूण असते. आतली उणीव उघडी पडू नये म्हणून माणूस बाहेर मोठेपणा मिरवतो. 'आत्मविश्वास' हाही खरा विरुद्धार्थी नव्हे, कारण तो बहुतेक वेळा एखाद्या कामापुरता असतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या कार्यक्षमतेवरील विश्वासाची कल्पना मांडली, तीही अशीच विशिष्ट कामाशी बांधलेली आहे : पोहण्याबद्दल खात्री असलेला माणूस भाषणाला घाबरू शकतो. न्यूनगंड माणसाच्या एकूण किमतीबद्दल असतो, म्हणून त्याच्यासमोर 'आत्मसन्मान' हाच शब्द ठेवावा.