'लिंप' म्हणजे नुसतं लंगडणं? तुमचे अनुभव लिहा

धागा काढायचं कारण जरा लाजिरवाणं आहे. मागच्या महिन्यात जिना संपला असं समजून पाय टाकला, तर एक पायरी शिल्लक होती. घोटा मुरगळला. चालतोय पण लंगडत, एवढंच ऑफिसला कळवायचं होतं. घाईघाईत लिहून गेलो, 'आय अ‍ॅम लेम धिस वीक.' साहेबांचं उत्तर दोन मिनिटांत : 'ओन्ली धिस वीक?'

'लेम' म्हणजे आता बोलीत फुसका, पुचाट. शब्द हवा होता 'लिंप'. 'आय अ‍ॅम लिंपिंग' म्हटलं असतं तर काम भागलं असतं. शाळेत शब्दार्थांत 'लिंप – लंगडणे' घोकलेलं होतं, पण ऐन वेळी तोंडावर आलं नाही. (आपल्याकडे 'लंगडी सबब' असते आणि त्यांच्याकडे 'लेम एक्स्क्यूज', हे साहेबांनीच नंतर ऐकवलं.) तुमची आणि या शब्दाची गाठ कुठे पडली? लेम, हॉबल ही भावंडंही चालतील.

---

मिरज. फिजिओथेरपिस्ट आहे.

पेशंट स्वतःहून 'मी लंगडतोय' असं फार क्वचित म्हणतो. 'पाय टेकवत नाही', 'भार देता येईना', 'कळ मारतीया' असं म्हणतो. सोबत आलेली बायको मागून सांगते, 'चार दिस झालं लंगडत्यात की!' कॉलेजात मात्र आम्हाला पहिला प्रश्न हाच शिकवला : लिंप दुखरा की बिनदुखरा?

दुखऱ्या पायावर माणूस जेमतेम क्षणभर उभा राहतो आणि चांगला पाय झटकन पुढे टाकतो. याला आम्ही अँटाल्जिक चाल म्हणतो. फरशीवर चपलांचा आवाज ऐकला तरी ओळखू येते, एक टप लांब, एक तोकडी. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर असेल तर वेगळंच. त्या पायावर भार आला की कंबर दुसऱ्या बाजूला खाली झुकते. ही ट्रेंडेलेनबर्ग चाल, आणि ती दुखेलच असं नाही. दोघांनाही मराठीत आपण 'लंगडतो' म्हणून मोकळे होतो.

आणखी एक गंमत. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की बरं वाटतं, या दुखण्याला क्लॉडिकेशन म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लंगडणं. पण ज्याला हे असतं तो बऱ्याचदा लंगडतच नाही, दर शंभर पावलांवर दुकानांच्या पाट्या वाचत उभा राहतो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. घरात कुणी असं पाट्या वाचायला लागलं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

---

नाशिकहून. माझी नाही, गाडीची गोष्ट.

कसारा घाटात इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने जीवच सोडला. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, आरपीएम काही वर चढेना. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन दमले. मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, 'घाबरू नका, लिंप मोडमध्ये गेलीय.' सेन्सरने काही बिघाड दाखवला की इंजिनाचा संगणक ताकद आवळून धरतो. पुढची मोडतोड टळावी आणि गाडी कशीबशी घरापर्यंत पोचावी, एवढाच हेतू. मागच्या सीटवर आजी होती. ती म्हणाली, 'लिंपायचंय तर लिंपा की, शेण आणू का?'

---

न्यू जर्सी.

दुसरा 'लिंप' विसरू नका, तो विशेषण आहे. नवीन लग्न झालेलं असताना इथल्या एका पाककृतीत कांदा 'अन्टिल लिंप' परता असं वाचलं. मोबाइलने भाषांतर दिलं, 'कांदा लंगडा होईपर्यंत'. नवरा अजूनही जेवताना विचारतो, आज कांदा नीट लंगडलाय ना? इथे लिंप म्हणजे मऊ, ढिला पडलेला. फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलेली, मान टाकलेली कोथिंबीर लिंप असते. बोटांची टोकं नुसती पुढे करून कुणी हात मिळवला तर तो हँडशेकही लिंपच.

---

पुण्यातून लिहितेय.

दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. उजव्या मांडीवर हात दाबून चालते, नाहीतर गुडघा दुमडतो. गावात मला माझं नाव नव्हतं, 'लंगडी' होतं. शाळेत मधल्या सुट्टीत मुली लंगडी खेळायच्या. धडधाकट दोन पायांच्या मुली एक पाय उचलून पळायच्या, आणि मी कडेला बसून कितीजणी बाद झाल्या ते मोजायची. मोजण्यात पटाईत होते, हेही सांगते.

नोकरीत दोन वर्षं लीड्सला होते. पहिल्याच दिवशी एक सहकारी म्हणाली, 'यू हॅव अ लिंप, लिफ्टने जाऊ या का?' मी अडकले ते त्या 'हॅव'पाशी. खांद्याला पर्स आहे, डोळ्यांवर चष्मा आहे, तसा पायात लिंप आहे. असलेली गोष्ट. मराठीत मी लंगडी होते, तिथे माझ्याकडे एक लिंप होता.

इंग्रजी फार सभ्य आहे असं कुणी समजू नये. पांगळ्याला हिणवणारा 'क्रिपल' त्यांचाच शब्द. आणि मराठीत क्रियापद नाही असंही नाही, 'ती लंगडत चालते' म्हणता येतंच. म्हणत नाहीत, एवढंच. नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. माझ्यासारखी चाल आता शाळेच्या मैदानावर दिसत नाही, हे मात्र मला मनापासून आवडतं.

---

नगर जिल्हा. जनावरांचा डॉक्टर.

आमच्या कागदांवर 'लेमनेस' लिहितात, आणि गुराला त्याचं वाईट वाटत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर धडधाकट कालवड अचानक मागच्या पायाने लंगडायला लागली, फऱ्यावर म्हणजे मांडीवर सूज आली आणि दाबल्यावर चरचर आवाज आला, तर आधी फऱ्या रोगाची शंका. तासाचाही उशीर नको. लाळ्या-खुरकुतातही जनावर लंगडतं, पण तिथे तोंडातून लाळ गळते. 'हॉबल'चं म्हणाल तर त्याचा आणखी एक अर्थ घोड्याचे पाय बांधणं. म्हणजे आपला पायबंद. वासरांत लंगडी गाय शहाणी ही म्हण माझ्यासमोर कुणी वापरली की मी आधी विचारतो, कुठल्या पायाने?

---

मुंबई. ७ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर होतो.

अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१, हवे होते २९२. मॅक्सवेलच्या पायात गोळे आले, तो आडवा पडला, मग उठून जागेवरूनच मारत सुटला. नाबाद २०१. धावा पळून काढायच्या म्हटल्या की एकेक पाऊल मोजून टाकत होता. समोर कमिन्स ६८ चेंडूंत १२. त्या रात्री 'हॉबल' शब्द कळला : नुसता लंगडणं नाही, दोन्ही पाय नाइलाजाने आखडून टाकणं. माझ्या शेजारचे काका त्याला 'खुरडतोय बघ' म्हणत होते. मला तोच शब्द नेमका वाटला.

---

ठाणे. छोटासाच किस्सा.

अमेरिकेतून आलेली सात वर्षांची नात देव्हाऱ्यापुढे बसली होती. मी म्हटलं, हा आपला लंगडा बाळकृष्ण. तिने मूर्ती उचलून पाय तपासले. 'आजी, डझ ही हॅव अ लिंप?' नाही गं, रांगतोय तो, एक गुडघा टेकलाय, हातात लोणी आहे. 'देन व्हाय डू यू कॉल हिम दॅट?' साठ वर्षं पूजा करतेय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इथे कुणाला माहीत असेल तर सांगा, ती रविवारी पुन्हा फोन करणार आहे.