‘पण हे घालायचं कुठे?’ – नवख्या स्वतंत्र डिझायनरांच्या विचित्र वस्तू

मृण्मयी (धागाकर्ती)

माझ्याकडे कपड्यावर पिनेने लावायचं एक ब्रोच आहे, तळहाताएवढं. जुन्या नकाशांचे कागद एकावर एक चिकटवून, दाबून त्यांचा ठोकळा केलाय आणि मग तो लाकडासारखा कोरलाय. कडेने पाहिलं की कागदांचे थर मोजता येतात. मधेच एक निळी रेघ आहे, कुठल्यातरी नदीची असावी. बनवणारी मुलगी नुकतीच शिकून बाहेर पडली आहे आणि एकटीच काम करते. ब्रोच लावलं की काही जण "किती वेगळं!" म्हणतात. बाकीचे विचारतात, "छान आहे, पण हे घालायचं कुठे?"

या प्रश्नाने मला वीट आणला आहे, म्हणून हा धागा. त्यात असं गृहीत धरलेलं असतं की प्रसंग आधी ठरतो आणि वस्तू त्याच्या मागून येते. खरं तर कित्येकदा वस्तू आधी आली आणि नजर नंतर तयार झाली. एल्सा शियापारेल्ली या फॅशन डिझायनरने १९३७ साली चित्रकार साल्वादोर दालीच्या साथीने उंच टाचेच्या बुटाच्या आकाराची टोपी केली, टाच आकाशाकडे. डिझायनर पाको राबानने १९६६ साली पॅरिसमध्ये धातूच्या आणि प्लास्टिकच्या चकत्या कड्यांनी जोडून १२ पोशाख दाखवले आणि ते ‘न घालण्याजोगे’ आहेत असं कलेक्शनच्या नावातच सांगून टाकलं. नव्वदच्या दशकात ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनने पँटची कंबर इतकी खाली आणली की लोकांनी कपाळाला हात लावला. पुढच्या दहा वर्षांत खाली उतरलेल्या कमरेच्या जीन्स ज्याच्या त्याच्या अंगावर होत्या.

मोठ्या कंपनीला एका डिझाइनचे हजारो नग खपवायचे असतात, त्यामुळे कुणालाच खटकणार नाही असंच ती काढते. एकट्या डिझायनरला पन्नास माणसांना आवडलं तरी पुरतं. म्हणून माझं मत सरळ आहे. विचित्र काहीतरी करून बघणं हेच नवख्यांचं काम आहे आणि सोयीची फूटपट्टी त्यांना लावू नये.

उभाधागा

मृण्मयी, शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे.

तुम्ही दिलेली नावं टिकून राहिलेल्यांची आहेत. ज्यांचं विचित्र काम विस्मरणात गेलं त्यांची यादी कुणी ठेवत नाही. राबानचंच घ्या. १९६६ च्या आधी तो मोठ्या फॅशन घराण्यांसाठी बटणं आणि दागिने करून देत होता. वस्तू अंगावर कुठे टेकते, कुठे ओढते, हे त्याला हाताने ठाऊक होतं. ‘न घालण्याजोगे’ असं त्याने म्हटलं ते घालणं म्हणजे काय हे कळल्यानंतर.

आता माझा अनुभव. बायकोसाठी एका नवख्या डिझायनरकडून कानातले घेतले होते. रेझिनमध्ये (ओतून घट्ट होणारं पारदर्शक प्लास्टिकसारखं द्रव्य) गोठवलेली बोराएवढी काळी बी, आत हवेचे दोन बुडबुडे, दिसायला विलक्षण. तिने ते संध्याकाळी घातले. रात्री कानाच्या पाळ्या लाल आणि सकाळी खाज. हुक कसल्या धातूचा आहे असं विचारलं तर उत्तर आलं, "गोल्डन फिनिश आहे." हे उत्तर नाही. बी गोळा करण्यात, फोटो काढण्यात, त्या कलेक्शनला कवितेसारखं नाव देण्यात जितका विचार गेला त्याचा दहावा हिस्सा त्या दीड सेंटिमीटरच्या तारेवर गेला नव्हता, आणि शरीराशी गाठ पडते ती त्या तारेचीच.

सोयीची फूटपट्टी लावू नका म्हणता, तर मग कुठली लावायची? फोटोची?

वसुधा

एक छोटी भर. ती बुटाची टोपी फक्त शोभेला ठेवलेली नव्हती. त्या काळची फॅशनसाठी गाजलेली उच्चभ्रू बाई डेझी फेलोज ती घालून लोकांत वावरली होती. डोक्यावर नीट बसत होती म्हणूनच ना?

टाका

मी स्वतः दागिने आणि छोट्या बॅगा करते. एकटी. सहा वर्षं झाली. दोघांचंही पटतं आणि दोघांचंही खटकतं, म्हणून जरा लांबण लागणार आहे.

उभाधागा, तुमच्या पत्नीला जे झालं ते बहुधा निकेलमुळे. स्वस्त हुकांवर सोनेरी मुलाम्याखाली निकेलचा थर असतो. मुलामा घासला गेला की ते निकेल घामात उतरतं. युरोपात यावर नियम आहे. टोचलेल्या भोकात घालायच्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटलं पाहिजे. एकदा ॲलर्जी बसली की सहसा जन्मभर राहते. म्हणजे विकणाऱ्याच्या हलगर्जीपणाची शिक्षा दुसरा माणूस कायमची भोगतो. यात मी कुणाची बाजू घेणार नाही. रेझिनचंही तसंच. पुरतं सुकलं नसेल तर त्वचेला त्रास देतं, आणि ऑर्डर पुढे ढकलायची नाही म्हणून अर्धवट सुकलेला माल पाठवणारे मी पाहिलेत.

पण हे का होतं तेही बघा. डिझाइन शिकवतात, कडी लावायला शिकवत नाहीत. दोन कड्या जोडताना कडीची टोकं बाजूंना ओढून फाकवायची नसतात. एक टोक पुढे, एक मागे असं पक्कडीने पिळून उघडायचं आणि तसंच परत पिळून मिटवायचं. ओढून उघडलेली कडी पुन्हा गोल होत नाही, फट राहते आणि एक दिवस माळ गळून पडते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन गिऱ्हाइकांच्या माळा तुटून परत आल्या तेव्हा कळलं. ब्रोचचंही एक गणित आहे. पिन वस्तूच्या मध्याच्या वर हवी. मध्यावर किंवा खाली लावली की वरचा भाग पुढे झुकतो आणि ब्रोच जमिनीकडे बघत लोंबतं. मृण्मयी, तुमचं कागदाचं ब्रोच तळहाताएवढं म्हणालात. ते झुकतं का? मनापासून विचारतेय.

मी आता नवीन वस्तू केली की पहिला नग विकत नाही. आठवडाभर स्वतः घालते. भांडी घासताना, झोपून पुस्तक वाचताना, अंगावर मूल घेऊन. चौथ्या दिवसापर्यंत वस्तू आपला दोष सांगते.

तरीही विचित्र करायचं सोडू नये असंच मला वाटतं. ऑटो कुन्झ्ली या स्विस दागिनेकाराने १९८० साली काळ्या रबराची बांगडी केली. रबराच्या नळीत सोन्याचा गोळा दडवलेला आहे आणि बाहेरून फक्त एक फुगवटा दिसतो. आत सोनं आहे यावर घालणाऱ्याने विश्वास ठेवायचा. रबर झिजलं तरच ते दिसणार. याहून विचित्र दागिना सांगा. आणि हातात घालायला याहून साधाही सांगा. रबराचं एक वळं! मला जायचंय ते इथवर.

मृण्मयी (धागाकर्ती)

टाका, प्रश्न वर्मी लागला. हो, झुकतं. जाड कोटावरसुद्धा. मी कापडाच्या आतल्या बाजूने फेल्टचा तुकडा धरते आणि पिन दोन्हींतून काढते, तेव्हा कुठे सरळ राहतं. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण त्या मुलीचं काम मला जिवापाड आवडतं आणि तिच्यावर बोट ठेवावंसं वाटेना. तेवढं लपवलं, हे चुकलंच.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. जपानी डिझायनर रेई कावाकुबोने १९९७ च्या कलेक्शनमध्ये कपड्यांच्या आत गाद्या भरल्या. पाठीवर उंचवटा, पोटावर गाठ, नितंब एकाच बाजूला फुगलेला. गैरसोय तिने ठरवून केली होती. सुंदर अंग म्हणजे काय, हा प्रश्न त्या गाद्यांतून विचारला गेला. सोयीची फूटपट्टी लावली असती तर पहिल्याच दिवशी त्या गाद्या उसवून काढाव्या लागल्या असत्या.

उभाधागा

बरं झालं हे उदाहरण काढलंत. त्याच वर्षी अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमच्या नृत्यासाठी कावाकुबोने त्याच कल्पनेतून पोशाख केले आणि नर्तक ते घालून नाचले. उड्या, गिरक्या, सगळं. गादी सरकली असती, शिवण उसवली असती, तर नाच तिथेच थांबला असता. म्हणजे तुम्ही ज्याला गैरसोय म्हणता ती नर्तकाच्या अंगावर टिकेल इतक्या काळजीने बांधलेली होती.

मी भेद इथे करतो. ठरवून दिलेली अडचण एक, आणि लक्षच न दिल्यामुळे झालेली अडचण दुसरी. पहिलीला माझी ना नाही. दुसरीला ‘कला’ म्हणू नये. तुमच्या ब्रोचचं झुकणं कुठल्या खात्यात जातं ते तुम्हीच सांगा.

कापूस

सगळे हुक आणि पिनांवर अडकलात. नवख्यांचा गळा आवळला जातो तो पैशांनी. पुष्कळ दुकानं माल नुसता ठेवून घेतात, विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. कापड गिरणीकडून घ्यायचं तर कमीत कमी अमुक मीटर घ्या म्हणतात. मग उरलेले तागे शोधत फिरायचं, आणि तागा संपला की ते डिझाइन संपलं, कितीही मागणी असो. मॅक्वीनचं १९९२ चं पदवीचं कलेक्शन फॅशन संपादक इझाबेला ब्लोने अख्खंच्या अख्खं घेतलं, ५,००० पाउंडांना, तेही हप्त्याहप्त्याने. अशी एक माणूस भेटली की पुढचं वर्ष निभतं. टीका करणाऱ्यांनी आधी विकत घ्यावं.

उभाधागा

कापूस, मी विकत घेऊनच बोलतोय. कानातले अजून डबीत आहेत.

रेवा

नकलेबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या मैत्रिणीने कॉलरवर लावायचा एक हात केला होता, भरतकामाचा, कॉलरची कड चिमटीत पकडलेला. फोटो टाकल्यावर दोन महिन्यांत एका मोठ्या साखळीच्या दुकानात तोच हात, छापील, ढिगाने. युरोपीय संघात नोंदणी न करताही नव्या डिझाइनला ३ वर्षं नकलेपासून संरक्षण असतं. नोंदवलं तर ५-५ वर्षांनी वाढवत २५ वर्षांपर्यंत. पण वकील कोण लावणार? विचित्र कल्पना एकटीने सोसून काढायची आणि पैसे भलत्यानेच मिळवायचे.

टाका

रेवा, वाचून पोटात कालवलं. माझ्याही बाबतीत झालंय.

त्यातून मी एक शिकले. नुसतं चित्र असेल तर ते चार दिवसांत उचललं जातं. बांधणीतच कल्पना असेल तर उचलणाऱ्याला घाम फुटतो. जपानी डिझायनर इस्सी मियाकेच्या कपड्यांच्या चुण्या आठवा, १९९३ पासूनच्या. इतर लोक चुण्या घातलेलं कापड आणून शिवतात. त्याने उलट केलं. अडीच-तीन पट मोठा कपडा आधी शिवायचा आणि मग कागदात धरून उष्णतेने अख्ख्या कपड्याला चुण्या पाडायच्या. नुसतं बघून ते करता येत नाही, आणि घालणाऱ्याला तर किती सुखाचं! चुरगळत नाही, इस्त्री नको, हात वर केला की कपडा हाताबरोबर येतो.

आणि अजून एक, हे मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं. आम्हा नवख्यांवर दर सहा महिन्यांनी नवं काहीतरी काढायचं दडपण असतं. त्यात कुठलीच वस्तू पिकत नाही. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएलाने १९८८ साली पहिल्या शोमध्ये अंगठा वेगळा असलेले बूट आणले. जपानी कामगार घालतात त्या ताबी नावाच्या पादत्राणांवरून घेतलेले. तळव्यांना लाल रंग लावला होता, मॉडेल चालल्या आणि पांढऱ्या कापडावर दुभंगलेली पावलं उमटत गेली. पुढच्या हंगामात त्याच कापडाचं जाकीट झालं. पण मला आवडतं ते पुढचं. नवा साचा करायला पैसे नव्हते म्हणून तो तेच बूट पुन्हा पुन्हा वापरत राहिला, कधी वरून रंग फासून. आज त्या बुटांवरून त्याचं नाव ओळखतात. एकच विचित्र गोष्ट धरून बसायची आणि दरवेळी ती थोडी सुधारायची. मृण्मयी, तुमच्या त्या मुलीला कुणी हे सांगावं असं फार वाटतं. तिच्याकडे कागदाचा ठोकळा आहे. दहा वर्षं पुरेल एवढं काम त्यात आहे.

वसुधा

माझी शंका राहतेच. पन्नास जणांनी घेतलं, वर्षभराने त्यातल्या चाळिसांच्या कपाटात धूळ खात पडलं, तर काय साधलं? माझ्याकडे अशी एक बॅग आहे, अडकवायला पट्टा नसलेली, छातीशी कवटाळून धरायची. कल्पना ऐकून डोळ्यांत पाणी आलं होतं. प्रत्यक्षात एक हात कायमचा अडकतो. छत्री धरता येत नाही, दार उघडता येत नाही. दोनदा वापरली. फेकवत नाही आणि वापरवतही नाही.

मृण्मयी (धागाकर्ती)

वसुधाताई, ती बॅग कुणाला तरी द्या. खरंच कुणीतरी ती कवटाळून फिरेल.

उभाधागा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस टाळलं. झुकणं दुसऱ्या खात्यात जातं. तिने ते ठरवून केलेलं नाही. काल तिला लिहिलं, फेल्टच्या तुकड्यासकट सगळं. तासाभरात उत्तर आलं. तिला माहीतच नव्हतं, कारण आजवर कुणीही तसं कळवलं नव्हतं. सगळ्यांनी फोटो पाठवले आणि "अप्रतिम" म्हणून सोडून दिलं. पिन वर सरकवून शेजारी दुसरी लावते म्हणाली, ब्रोच परत मागवलंय. आज कुरियरने पाठवलं.

सोयीची फूटपट्टी लावू नका, हे वाक्य मागे घेते. ‘घालायचं कुठे’ हा प्रश्न मात्र मला अजूनही आवडत नाही. ‘दिवसभर राहतं का’ असं विचारा, त्याचं उत्तर मी देईन.

उभाधागा

चालेल, तोच विचारतो. परत आलं की एक दिवस सकाळी लावा आणि रात्री काढताना कुठल्या कोनात होतं ते इथे लिहा. फेल्ट न लावता.